थंडीच्या विहिरीतली ऊब

ओस्लोहून लिलेहामरला जाणारा रस्ता बराच वेळ म्योसा तळ्याच्या काठाने जातो. नॉर्वेतले हे सर्वांत मोठे तळे. जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही त्या रस्त्याने निघालो होतो. मी, माझी थोरली बहीण, तिचा मुलगा आणि सूनबाई. बाहेर तापमान उणे चौदा. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेते आणि बर्फाच्या ओझ्याने वाकलेली सूचिपर्णी झाडे. ताईने घरातून निघताना अंगावर काय काय चढवले होते ते मोजणे मी सोडून दिले होते. दोन स्वेटर, त्यावर सुनेचा जाड कोट, कानटोपी आणि सगळ्यात वर कऱ्हाडहून आणलेली शाल!

गाडी सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तिने आधी कानटोपी काढली, मग शाल. थोड्या वेळाने कोटाची बटणे सोडली आणि मुलाला विचारले, "गाडी विजेची आहे ना रे? मग ही एवढी ऊब येते कुठून?"

"बाहेरून, आई."

"बाहेरून म्हणजे?"

"बाहेरच्या हवेतून. गाडी तिथली ऊब ओढून आत आणते."

ताईने खिडकीबाहेर पाहिले, मग मुलाकडे पाहिले आणि म्हणाली, "बाहेरच्या हवेत ऊब असती, तर मी एवढे कपडे कशाला घातले असते?"

गाडीत हशा पिकला. पण हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आले, की प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गोठवणाऱ्या हवेत ऊब असते, ती काढता येते आणि मोटारीच्या पुढच्या झाकणाखाली मावेल एवढ्या यंत्राने काढता येते, हे सहजासहजी पटावे असे नाहीच. आणि हे यंत्र नसले तर काय होते, तेही त्याच प्रवासात भाच्याने सांगितले.

ऊब हवी की घर?

भाच्याची ही दुसरी गाडी. पहिली त्याने २०१३ साली घेतली, तीही विजेचीच. बॅटरी लहान, चोवीस युनिटांची. उन्हाळ्यात एकदा चार्ज केली की शहरात दीडशे किलोमीटरच्या आसपास सहज जाई. नव्या गाडीचे कौतुक पहिल्या हिवाळ्यापर्यंत टिकले.

डिसेंबरमधल्या एका रात्री ते तिघे साठ किलोमीटरवर राहणाऱ्या मित्राकडून परतत होते. मागच्या सीटवर दोन वर्षांची मुलगी. निघताना समोरच्या पाटीवर ८८ किलोमीटर जाता येईल असा आकडा होता. त्याने हीटर लावला आणि आकडा धाडकन ६४ वर आला. घर साठ किलोमीटरवर, रस्त्यावर बर्फ, वाटेत चार्जिंगची सोय नाही. त्याने हीटर बंद केला. पाच-सात मिनिटांत तिघांच्या श्वासातली वाफ काचेच्या आतल्या बाजूला गोठू लागली आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मग हीटर दोन मिनिटे लावायचा, काच निवळली की बंद करायचा, असा खेळ घरापर्यंत चालला. सूनबाईने स्वतःचा कोट काढून मुलीभोवती गुंडाळला. दारात गाडी थांबली तेव्हा आकडा होता चार!

"मामा, ऊब ही चैन नसते, हे मला त्या रात्री कळले," भाचा म्हणाला. "आपल्याकडे गाडीतला एसी बंद पडला तर घाम येतो. इथे हीटर बंद पडला तर काच आंधळी होते."

त्या काळात विजेची गाडी घेतलेल्या पुष्कळांनी टोपी, हातमोजे घालून, हीटरला हात न लावता हिवाळे काढले. ऊब घ्यावी तर घर दूर जाते, आणि घर गाठावे तर ऊब सोडावी लागते. विजेच्या मोटारीला थंड देशांत विरोध करणाऱ्यांच्या हातातले हे सर्वांत धारदार हत्यार होते, आणि ते खोटेही नव्हते.

फुकटची ऊब

मग पेट्रोलच्या गाडीत हा प्रश्न कसा आला नाही? याचे उत्तर जरा गमतीचे आहे. पेट्रोलची गाडी ऊब देते ती उदार असते म्हणून नव्हे. ती उधळी असते म्हणून. जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून बाहेर जाते. या वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडीशी आत वळवली की झाला हीटर. पैसे आधीच मोजलेले असतात. पण ते पेट्रोलच्या हिशेबात दडलेले असल्याने ऊब फुकट वाटते. लग्नात पंक्तीला हजार पानांचे अन्न रांधावे, जेवणारे तीनशे यावेत आणि उरलेल्या अन्नातून शेजाऱ्यांना डबे द्यावेत, तसे हे औदार्य.

अर्थात थंडीचा मार पेट्रोलच्या गाडीलाही बसतोच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबानुसार शहरात फिरणारी पेट्रोलची गाडी २५ अंशांना जेवढे मायलेज देते, त्यापेक्षा उणे सात अंशांना सुमारे १५ टक्के कमी देते. फिनलंडमध्ये आणि कॅनडाच्या थंड प्रांतांत वाहनतळांवर विजेचे खांब दिसतात ते काही विजेच्या गाड्यांसाठी उभारलेले नव्हते. रात्रभर इंजिन गारठून जाऊ नये म्हणून पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांनाच ते तारेने जोडून ठेवण्याची तिथली जुनी रीत आहे.

विजेच्या मोटारीचे मात्र सगळे उलटे. तिची मोटर घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा गतीत बदलते. वाया जाणारी उष्णता इतकी थोडी, की तिच्यावर चार माणसांना ऊब मिळणे कठीण. म्हणजे जो तिचा गुण, तोच हिवाळ्यात दोष ठरला! कंपन्यांनी पहिला उपाय केला तो आपल्या घरातल्या पाणी तापवायच्या रॉडसारखा. बॅटरीतली वीज सरळ हीटरला द्यायची. असा हीटर एक युनिट वीज खातो आणि एक युनिट उष्णता देतो. फसवणूक नाही, पण बरकतही नाही.

एक बाळबोध गणित मांडून पाहू. गर्दीच्या शहरात ताशी २५ किलोमीटरने चालणारी गाडी चालण्यापुरती तासाला चार युनिट वीज खाते असे धरू. बॅटरी २४ युनिटांची, म्हणजे ती सहा तास, दीडशे किलोमीटर चालेल. आता कडक थंडीत हीटरला तासाला तीन युनिट लागले, तर खर्च चाराचा सात झाला आणि दीडशे किलोमीटरचे झाले ८५. गाडी जेवढी सावकाश चालेल, तेवढा हीटरचा वाटा मोठा. बर्फात अडकून उभी राहिली, तर सगळी वीज उबेसाठीच. आता हीच तीन युनिट उष्णता दीड युनिट विजेत मिळाली तर? तीच गाडी १०९ किलोमीटर जाईल. हा फरक म्हणजे भाच्याने त्या रात्री हीटर बंद-चालू करत काढलेला प्रवास.

पण दीड युनिट विजेतून तीन युनिट उष्णता काढायची कशी? ऊर्जा तर निर्माण करता येत नाही. बरोबर. ती निर्माण करायचीच नाही. ती उचलून आणायची.

फ्रिजच्या पाठीमागे

ताईच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर तिच्याच स्वयंपाकघरात होते. फ्रिजच्या मागच्या जाळीला, किंवा नव्या फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. ही उष्णता थोडीशी फ्रिजच्या मोटरची. बाकीची आत ठेवलेल्या दुधाची, भाजीची आणि रात्री उरलेल्या आमटीची! फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बर्फाच्या कप्प्यात तापमान उणे अठराच्या आसपास असते, तरीही तिथून तो उष्णता काढतच असतो. म्हणजे शून्याखालच्या वस्तूतही काढण्याजोगी उष्णता असते, याचा पुरावा आपण वर्षानुवर्षे घरात बाळगून आहोत.

शून्य अंश म्हणजे उष्णतेचा शेवट नव्हे. ते फक्त पाणी गोठण्याचे ठिकाण आहे. उष्णतेचा खरा तळ त्याच्या खाली २७३ अंशांवर आहे. त्या तळापासून मोजले तर आपल्या पुण्याची ३० अंशांची दुपार ३०३ वर आणि ओस्लोची उणे चौदाची सकाळ २५९ वर येते. फरक आहे, पण तो भरलेल्या विहिरीत आणि पाणी जरा खोल गेलेल्या विहिरीत असतो तसा. विहीर कोरडी नाही.

विहिरीची उपमा मी मुद्दाम घेतली, कारण या यंत्राला पंप म्हणतात ते उगीच नाही. पाणी आपण होऊन उताराकडे धावते. ते वर चढवायचे तर मोटर लावावी लागते. उष्णताही आपण होऊन गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तिला उलट दिशेने चढवायचे तर कॉम्प्रेसर लावावा लागतो. शेतातली मोटर वीज खाते ती पाणी तयार करण्यासाठी नव्हे, वर उचलण्यासाठी. हीट पंपचेही तसेच.

उचलण्याची युक्ती अशी. मेकॅनिक ज्याला नुसते 'गॅस' म्हणतो, ते द्रव्य फार कमी तापमानाला उकळते. मोटारीतल्या एसीत अनेक वर्षे वापरलेला गॅस उणे २६ अंशांना उकळे. आज प्रचलित असलेला उणे ३० च्या आसपास उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे चौदाची हवा म्हणजे पेटलेली शेगडीच. गाडीच्या पुढच्या जाळीतल्या नळ्यांतून तो फिरतो, बाहेरच्या हवेतली उष्णता घेतो आणि उकळून वायू होतो. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावले की ते उडताना कातडीतली उष्णता घेऊन जाते आणि गार वाटते, तोच हा प्रकार. मग कॉम्प्रेसर हा वायू दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड तापते हे लहानपणी सर्वांनी अनुभवले आहे. तसा हा वायूही तापतो. शिवाय कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभराऐवजी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळते, तसेच दाबाखाली या वायूचे पुन्हा द्रव होण्याचे तापमानही वर चढते. आता तो गाडीच्या आतल्या हवेलाही उष्णता देऊ शकतो. ती देऊन तो द्रव होतो, एका अरुंद झडपेतून पलीकडे जाताना दाब उतरतो, द्रव गारठतो आणि पुन्हा उष्णता गोळा करायला बाहेर जातो. दिवसभर नदीवर घागरी घेऊन खेपा घालाव्यात, तसा.

उन्हाळ्यात एसी आतली उष्णता बाहेर टाकतो. हिवाळ्यात त्याच चक्राचा रोख फिरवला की झाला हीट पंप. यंत्र तेच, दिशा उलटी.

कल्पना जुनी

ही कल्पना मोटारीच्याही आधीची आहे. फ्रान्सच्या सादी कार्नो या तरुण इंजिनिअरने १८२४ साली उष्णता आणि श्रम यांचा संबंध मांडला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली दाखवून दिले, की इंधन जाळून थेट ऊब घेण्यापेक्षा यंत्राने बाहेरची उष्णता आत आणणे काटकसरीचे ठरेल. चारच वर्षांनी ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्झे इथल्या मिठागरात खारे पाणी आटवण्यासाठी असे यंत्र प्रत्यक्ष उभे केले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर कोळशाची चिंता लागलेल्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या जुन्या टाउन हॉलला शेजारच्या लिमाट नदीच्या पाण्यातून ऊब मिळू लागली. ते साल १९३८.

तरीही ही कल्पना बराच काळ मागे पडली, कारण कोळसा, तेल आणि गॅस स्वस्त होते. ज्याला फुकट वाटणारी ऊब मिळते, तो उचलून आणण्याची यातायात कशाला करील? १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईने उत्तर युरोपचे डोळे उघडले. आज नॉर्वेत निम्म्याहून अधिक इमारतींत हीट पंप आहेत. स्वीडन आणि फिनलंडमध्येही दहांतल्या चारांहून अधिक इमारतींत. म्हणजे हे यंत्र गाडीत आले तेव्हा तिथल्या लोकांना ते परके नव्हते. भिंतीवरचे ओळखीचे पाहुणे गाडीत येऊन बसले, एवढेच.

खोल विहीर, लहान पोहरा

गाडीत बसवणे मात्र सोपे गेले नाही. घरचा पंप एका जागी उभा असतो, त्याला घाई नसते. गाडीचा पंप खड्ड्यांतून आदळत जातो, त्याला जागा थोडी आणि पहिल्या दोन-चार मिनिटांतच काच निवळून हवी. निसान, रेनॉ आणि बीएमडब्ल्यू यांनी २०१२ ते २०१४ या काळात आपल्या काही विजेच्या मोटारींत हीट पंप दिले. टेस्लाने २०२० साली 'मॉडेल वाय'मध्ये तो आणला, आणि गाडीतली, बॅटरीतली, मोटरमधली उष्णता हवी तिकडे वळवणारी आठ तोंडांची झडप त्याला जोडली. गरज पडली तर ही गाडी आपल्या मोटरकडून मुद्दाम थोडी वीज वाया घालवून घेते आणि ती उष्णता वापरते. पेट्रोलच्या गाडीचा उधळेपणा, पण हवा तेव्हा आणि हवा तेवढाच!

नवे यंत्र म्हटल्यावर खोडीही नव्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाला अमेरिकेतल्या २६ हजारांहून अधिक गाड्यांचे सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले, कारण एक झडप चुकीच्या वेळी उघडी राहून काच निवळण्याचे काम अडखळत होते. भाच्याच्या 'काच आंधळी होते' या वाक्याचे महत्त्व इथे कळते. उबेचा प्रश्न शेवटी सुरक्षेचा प्रश्न असतो.

हीट पंपची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी. बाहेर पाच-सात अंश तापमान असताना तो एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता देऊ शकतो. उणे दहाला हा हिशेब दोनाच्या आसपास येतो आणि उणे वीसच्या खाली हळूहळू एकाकडे सरकतो. असे का? पुन्हा विहिरीकडे जाऊ. थंडी वाढली की पाणी खोल जाते, म्हणजे प्रत्येक घागरीसाठी जास्त ओढावे लागते. आणि गारठलेला गॅस विरळ होतो, म्हणजे पोहराही लहान होतो. खोल विहीर आणि लहान पोहरा अशी दुहेरी अडचण! म्हणून बहुतेक गाड्यांत पंपाच्या जोडीला साधा हीटरही असतोच. शिवाय दमट थंडीत बाहेरच्या जाळीवर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यासाठी पंपाला मधूनमधून आपले काम थांबवावे लागते.

याच कारणाने उन्हाळा गाडीला थंडीइतका छळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत २५ ठेवायचे तर फरक वीस अंशांचा. ओस्लोत बाहेर उणे १५ आणि आत २० हवे तर फरक पस्तीस अंशांचा. नागपूरची विहीर त्या मानाने उथळ.

गॅस कोणता, हाही प्रश्न आहेच. जुना गॅस गळून हवेत गेला तर वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. म्हणून युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत तो बंद केला. फोक्सवॅगनने आपल्या काही विजेच्या गाड्यांतल्या हीट पंपात चक्क कार्बन डायऑक्साइडच वापरला. तो कडक थंडीतही दाट राहतो, म्हणजे पोहरा फारसा लहान होत नाही. अडचण एवढीच, की त्याला सायकलच्या ट्यूबमधल्या दाबाच्या पंचवीस-तीस पट दाब लागतो आणि सगळ्या नळ्या तेवढ्या मजबूत कराव्या लागतात. ज्या वायूने जगाला घाम फोडला, त्यालाच ऊब वाहायला लावले आहे!

गारठलेली बॅटरी

ऊब फक्त माणसांनाच हवी असते असे नाही. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी थिजते, ते आठवा. बॅटरीतले द्रव्य तसे गोठत नाही, पण त्यातली विद्युतभारित कणांची ये-जा मंदावते. गारठलेल्या लिथियम बॅटरीत वेगाने वीज कोंबली तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत शिकागोवर थंडीची लाट आली, तेव्हा चार्जिंगच्या ठिकाणी गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्याची आणि काही गाड्या तिथेच बंद पडल्याची दृश्ये जगभर दिसली. ती खरी होती. पण त्याच हिवाळ्यात नॉर्वेत लाखो विजेच्या गाड्या रोज धावत होत्या, हेही खरे.

फरक बराचसा सवयीचा आणि सोयीचा आहे. नॉर्वेतला माणूस रात्री घरी गाडी चार्जिंगला लावतो आणि सकाळी निघण्याआधी, तार जोडलेली असतानाच, गाडी आणि बॅटरी तापवून घेतो. ही वीज भिंतीतली, बॅटरीतली नव्हे. वाटेत चार्ज करायचे असेल तर तिथे पोहोचण्याआधी बॅटरी तापवायला सांगतो. आणि सीट व स्टिअरिंग तापवण्याची सोय वापरतो, कारण सगळी हवा तापवण्यापेक्षा अंगाला टेकणारी वस्तू तापवायला फार थोडी वीज लागते. आपल्या आजीला हे ठाऊक होते. खोली तापवण्याच्या भानगडीत न पडता ती गोधडी पांघरायला द्यायची.

गाण्याच्या पैशांतली गाडी

पण एवढ्या थंड देशाने विजेच्या गाडीचा हट्ट धरलाच कशाला? या गोष्टीची सुरुवात एखाद्या चित्रपटात शोभावी अशी आहे. १९८९ साली 'आ-हा' या नॉर्वेच्या जगप्रसिद्ध गायकवृंदातले दोघे, मॉर्टन हार्केट आणि मॅग्ने फुरुहोल्मेन, 'बेलोना' या पर्यावरण संघटनेच्या फ्रेडरिक हाउगे यांच्यासह विजेवर चालवलेली एक छोटी फियाट पांडा स्वित्झर्लंडहून नॉर्वेत घेऊन आले. टोलनाक्यांवर ते टोल भरायला नकार देत. दंडाच्या चिठ्ठ्या साचत, गाडी जप्त होई आणि लिलावात निघे. वर्तमानपत्रांना बातमी मिळे. हा सत्याग्रह फुकट गेला नाही. विजेच्या गाड्यांना १९९० पासून आयातकरात, १९९७ पासून टोलमध्ये आणि २००१ पासून मूल्यवर्धित करात सूट मिळत गेली.

२०१७ साली नॉर्वेच्या संसदेने ठरवले, की २०२५ पर्यंत विकली जाणारी प्रत्येक नवी मोटार धूर न सोडणारी असावी. २०२४ साली शंभरातल्या सुमारे ८९ नव्या गाड्या विजेच्या होत्या. २०२५ मध्ये हे प्रमाण ९६ च्या आसपास पोहोचले. सप्टेंबर २०२४ मध्ये रस्त्यावरच्या विजेच्या गाड्यांची संख्या पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा जास्त झाली. हे सारे श्रेय हीट पंपचे नव्हे. तिथली वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची, देश श्रीमंत, आणि ती श्रीमंती बरीचशी समुद्रातल्या तेलाची, हा विरोधाभास नॉर्वेची माणसे स्वतःच हसत सांगतात. पण उबेचा प्रश्न सुटला नसता, तर करसवलतीच्या मोहाने घेतलेली गाडी दुसऱ्या हिवाळ्यात अंगणातच उभी राहिली असती.

तिथल्या मोटारचालकांच्या संघटनेने २०२० पासून दर हिवाळ्यात एक परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, बॅटरी संपेपर्यंत चालवायच्या. पहिल्या परीक्षेत वीस गाड्या होत्या. कागदावरच्या अंतरापेक्षा त्या सरासरी एक पंचमांशाच्या आसपास कमी चालल्या. गिऱ्हाइकाला आता जाहिरातीवर विसंबावे लागत नाही. थंडीतला खरा आकडा त्याच्यासमोर असतो.

एक सल मात्र उरतो. अनेक गाड्यांत हीट पंप हा जादा पैसे मोजून घ्यायचा भाग असतो. नवी गाडी घेणारा तो घेतो किंवा काटकसर म्हणून सोडतो. पण काही वर्षांनी तीच गाडी जुन्या बाजारात येते आणि ती घेतो कमी ऐपतीचा माणूस. पहिल्या मालकाने वाचवलेले पैसे दुसरा मालक हिवाळ्याच्या रात्री हीटर बंद करून फेडतो. भाच्याने त्याची पहिली गाडी विकली, तेव्हा ती एका परदेशी विद्यार्थ्याने घेतली. "त्याला मी सगळे खरे सांगितले," भाचा म्हणाला, "आणि मागच्या सीटवर एक ब्लँकेट ठेवून दिले."

ताईचा फ्रिज

लिलेहामरला पोहोचलो तेव्हा बॅटरीत निम्म्याच्या आसपास वीज शिल्लक होती. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या उड्यांच्या उतारावर पोरे घसरत होती. ताईने पुन्हा दोन स्वेटर, कोट, कानटोपी आणि शाल असा सगळा जामानिमा चढवला आणि उतरता उतरता मुलाला म्हणाली, "एवढी ऊब आहे म्हणतोस ना बाहेर? मग तूच उतर आधी."

विज्ञान कितीही सांगो, उणे अठराच्या वाऱ्यापुढे शाल लागतेच. ती ऊब तिथे असते, पण आपल्या अंगाला तिचा उपयोग नाही. उलट आपल्याच अंगातली ती घेऊन जाते. यंत्र लागते ते यासाठी.

भारतात परतल्यावर महिनाभराने ताईचा कऱ्हाडहून फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर म्हणाली, "अरे, काल त्या फ्रिजच्या बाजूला हात लावून बघितला. गरम आहे की!"

मी म्हटले, "मग?"

"मग काही नाही. पंचवीस वर्षे घरात फ्रिज आहे आपला. आणि मी इतके दिवस समजत होते, की तो नुसता गारवा करतो."